स्वस्त कॅमेऱ्याची तारीख

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत आणि लगतच्या आळ्यांत रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग लागले होते. गाद्या, फ्रिज, दप्तरे, पोथ्या, तांदूळ, सगळ्याचा रंग एकच झाला होता. माझे घर उंचावर असल्याने वाचले, म्हणून आठवडाभर मी ओळखीच्या घरांतून चिखल उपसायला जात होतो. अशाच एका घरासमोरच्या ढिगात मला चंदेरी डबीसारखे काही दिसले. त्याला मनगटात अडकवायची काळी दोरी होती, म्हणून ओळखू आले. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, तळहातात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा. मी विचारले तेव्हा घरातल्या वहिनी म्हणाल्या, "न्या हो तो. दहा वर्षं बंदच आहे. कपाटात आपला पडून होता."

कॅमेरा अर्थातच गेला होता. लेन्सच्या नळीत गाळ शिरला होता, सेलच्या खणात जुना हिरवट क्षार साचला होता. पण खालचे झाकण उचकटल्यावर आतून ५१२ एमबीचे एसडी कार्ड निघाले. या कार्डांत फिरणारा भाग नसतो आणि चिप प्लॅस्टिकमध्ये बंद असते, त्यामुळे पाण्यात राहूनही ती पुष्कळदा वाचतात. मी ते स्वच्छ पाण्यात धुतले, त्याच्या सोनेरी पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, तीन दिवस पंख्याखाली ठेवले आणि चौथ्या दिवशी संगणकाला लावले. दोनशेहून अधिक छायाचित्रे उघडली.

त्यांतल्या एका छायाचित्राने पुढे दोन वर्षे माझा पिच्छा पुरवला. त्यात त्याच घराच्या ओट्याच्या पायऱ्या आहेत. गढूळ पाणी तिसऱ्या पायरीला टेकले आहे. वहिनींचे यजमान, जे आता हयात नाहीत, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे आहेत आणि त्यांच्या मागे ओट्यावर चढवून ठेवलेली मोटारसायकल दिसते. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आहे: ०५/०१/२००५. "हा पाच सालचा पूर," वहिनी म्हणाल्या.

चिपळूणबाहेरच्या वाचकाला या वाक्याचे वजन सांगायला हवे. २६ जुलै २००५ म्हटले की बाकीच्या महाराष्ट्राला मुंबई आठवते. आम्हाला आमची वाशिष्ठी आठवते. २०२१ पर्यंत तोच पूर आमची मोजपट्टी होता, आणि २०२१ नंतर तर घरोघर एकच हिशोब सुरू झाला: पाच साली पाणी कुठवर होते आणि आता कुठवर आले. हा नुसता गप्पांचा विषय नाही. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखल्या जातात, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारे पाणी आणि शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी अशा त्या रेषा असतात, आणि त्यांच्या आत काय बांधता येईल हे त्यांवर ठरते. ज्याचे घर रेषेजवळ आहे त्याला जुने पाणी किती फूट होते याचे उत्तर हवे असते. तिसरी पायरी म्हणजे माझ्या टेपने एकवीस इंच, पावणेदोन फूट. मला पुरावा मिळाला असे वाटले.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका पतसंस्थेत हिशोब लिहीत नोकरी केली, आणि बाकी जे आले ते विहिरींवरचे शिलालेख वाचत, मोडी शिकत, चुका करत आले. त्यामुळे जी चूक पुढे सांगणार आहे तीही माझ्या नेहमीच्या शिक्षणाचाच भाग आहे. पण त्याआधी हा कॅमेरा काय होता आणि तो विकत घेणाऱ्यांचे अनुभव काय होते ते सांगतो. या एका कार्डानंतर मी आमच्या भागात अशा कॅमेऱ्यांच्या मालकांना भेटत सुटलो. "तुमचा बंद पडलेला कॅमेरा आहे का?" असे विचारत दारात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे लोक भंगारवाला म्हणून पाहतात, याचा अनुभवही त्यात आला.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म १९७५ चा. अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला नमुना जोडला. त्यात शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र उमटे आणि ते कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. तिथपासून आमच्या बाजारपेठेपर्यंत यायला त्याला तीस वर्षे लागली. २००४-०५ नंतर कॅननची 'पॉवरशॉट ए' मालिका, निकॉनचे 'कूलपिक्स', कोडॅकचे 'ईझीशेअर', सोनीचे 'सायबर-शॉट' असे कॅमेरे मध्यमवर्गीय घरांत दिसू लागले. त्यांतल्या सर्वांत स्वस्ताला दुकानदार 'बेसिक मॉडेल' म्हणत. कोणी मुंबईत फोर्टमध्ये जाऊन आणला, कोणाला आखातात नोकरीला असलेल्या भावाने किंवा मेहुण्याने आणून दिला. आखातातून आलेल्याची वॉरंटी इथे चालत नसे, हे बिघडल्यावर कळे.

बेसिक म्हणजे नेमके काय कमी? आत प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, सेन्सर, तो या कॅमेऱ्यांत साधारण पावणेसहा मिलिमीटर लांब आणि सव्वाचार मिलिमीटर रुंद असे. करंगळीच्या नखाहूनही लहान. जुन्या रोलवरची चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे पस्तीसपट मोठी. एवढ्याशा जागेत पन्नास लाख बिंदू बसवलेले. प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा प्रकाश थोडा, म्हणून उन्हात चित्र छान आणि तिन्हीसांजेला घरात काढले की सगळीकडे रंगीत रवा सांडल्यासारखा. दाणे घालवायला फ्लॅश मारावा तर डोळे लाल. त्यातून बटण दाबल्यावर कॅमेरा आधी अंतर जुळवणार, मग चित्र घेणार. तेवढ्यात मूल हलते, हसणारा हसून संपतो. एका शिक्षिकेने मला सांगितले की त्यांच्याकडच्या सगळ्या फोटोंत लोक हसून झाल्यानंतरचे आहेत. बटण आधी अर्धे दाबून धरायचे असते हे माहितीपुस्तकात लिहिलेले असे, पण ते पुस्तक इंग्रजीत, आणि आखातातले असेल तर अरबीतही.

मालकांची पहिली तक्रार मात्र चित्राची नसते, सेलची असते. जवळजवळ प्रत्येक घरात मी हीच गोष्ट ऐकली: नवा कॅमेरा आला, वाण्याकडून सेल आणले, घातले, लेन्स अर्धी बाहेर आली आणि बंद. दुसरे सेल आणले, तेही तसेच. कॅमेरा खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण. कारण साधे आहे. भिंतीवरच्या घड्याळाला किंवा रिमोटला वीज लागते चिमूटभर, पण पुष्कळ दिवस. कॅमेऱ्याला लेन्स ढकलायला, पडदा उजळायला, फ्लॅश भरायला एकदम ओंजळभर लागते. साध्या स्वस्त सेलला ती एकदम देता येत नाही. दाब कोसळतो आणि कॅमेरा समजतो की सेल संपले. अल्कलाइन सेल थोडे टिकत. चांगले चालत ते पुन्हा भारता येणारे निकेल मेटल हायड्राइडचे, ज्यांच्यावर दीड नव्हे, १.२ व्होल्ट लिहिलेले असते. आकडा कमी म्हणून पुष्कळांनी ते घेतलेच नाहीत. कॅमेऱ्याने नाकारलेले सेल मग भिंतीवरच्या घड्याळात जात आणि तिथे वर्षभर चालत. हे पाहून एका गृहस्थांची खात्री झाली होती की कॅमेऱ्यात काहीतरी लबाडी आहे.

सेलची ही कथा लक्षात ठेवावी. तारखेचा घोटाळा तिच्यातूनच निघतो.

कॅमेऱ्यासोबत मिळणारे कार्डही नावापुरतेच. सोळा एमबीच्या कार्डात पाच मेगापिक्सेलची उत्तम प्रतीची सहा-सात चित्रे मावत. मोठे कार्ड घेतले तरी पुढे ती ठेवायची कुठे हा प्रश्न होता, कारण संगणक सगळ्यांकडे नव्हते. सायबर कॅफेत जाऊन सीडी भरून आणायची, सीडीवर मार्करने 'गणपती', 'बारसे' असे लिहायचे आणि टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवायची, अशी रीत पडली.

त्यात कोकणची हवा. २००५ च्या उत्तरार्धात अनेक जपानी कंपन्यांनी जाहीर केले होते की त्यांच्या आधीच्या काही वर्षांतल्या काही मॉडेलांत सीसीडी सेन्सरच्या सूक्ष्म जोडतारा सुटण्याचा दोष आहे, आणि तो उष्ण, दमट हवेत अधिक दिसतो. पडदा काळा पडतो किंवा चित्र विचित्र रंगांत ताणले जाते. वॉरंटी संपलेली असली तरी दुरुस्ती फुकट होती. उष्ण आणि दमट म्हणजे आमचा बारमाही पत्ता. मी ज्यांना भेटलो त्यांतल्या कोणाच्याही कानावर ही घोषणा आलेली नव्हती. कॅमेरा 'बाधला' असे म्हणून त्यांनी तो कापूर आणि डांबरगोळ्यांबरोबर पिशवीत बांधून कपाटात ठेवला होता.

एवढ्या तक्रारी ऐकल्यावर वाटेल की लोकांना हे कॅमेरे आवडत नव्हते. तसे मुळीच नाही. त्या कपाटातल्या पिशव्या सोडताना प्रत्येकाचा चेहरा मी पाहिला आहे.

रोलच्या काळात छत्तीस फोटोंचा रोल, धुलाई आणि प्रिंट मिळून अडीचशे-तीनशे रुपये जात. एक रोल गणपतीला सुरू होई आणि मे महिन्यातल्या लग्नात संपे. प्रत्येक दाबणे मोजून, म्हणून कॅमेरा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात. जुने अल्बम पाहा: माणसे रांगेत उभी, पाठीमागे देव्हारा किंवा नवी मोटारसायकल. स्वयंपाकघर सहसा नाही. आता या कार्डांवरची आणि सीडींवरची चित्रे पाहा. मी पाहिलेल्या संग्रहांत स्वयंपाकघरेच स्वयंपाकघरे आहेत. फणस फोडलेला, चुलीवरची घावन, उन्हात घातलेली आमसुले, गोठ्यातले वासरू, मोलकरणीची मुलगी, पाठमोरी आजी. काही चित्रे इतक्या खालून घेतलेली की ती सात-आठ वर्षांच्या मुलाने काढली हे सांगावे लागत नाही. दाबण्याला पैसे पडेनासे झाले तेव्हा कॅमेरा बायकांच्या आणि मुलांच्या हातात गेला. आमच्या गावच्या घरांच्या आतल्या भागाचे, भांड्याकुंड्यांचे, मागच्या परसाचे इतके चित्रण त्याआधी कधीच झाले नव्हते. घरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ही धुळीने भरलेली खाण आहे.

आणि तीच माणसे मला अल्बम दाखवतात तेव्हा अल्बम २००५-०६ च्या आसपास थांबतो. मागची पाने कोरी, प्लॅस्टिकचे खिसे रिकामे. आधी मला वाटले की हा योगायोग आहे. पाचव्या-सहाव्या घरात तेच दिसल्यावर कारण ध्यानात आले. रोलमध्ये फोटो पाहायचा असेल तर कागदावर छापावाच लागे. पाहणे आणि छापणे ही एकच क्रिया होती. डिजिटलमध्ये पाहणे कॅमेऱ्याच्या मागच्या दीड-दोन इंची पडद्यावरच होऊन जाते, सगळे भोवती गोळा होतात, हसतात, आणि छापायचे 'सावकाश' राहते. ते सावकाश कधी आले नाही. २०१० नंतर मोबाइल आले, जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला, आणि मधली सात-आठ वर्षे कार्डांत आणि सीडींत अडकून राहिली.

सीडीबद्दल माझेच उदाहरण देतो. २००६ साली गुहागरकडच्या एका घरातले सुमारे दीडशे मोडी कागद मी अशाच एका स्वस्त कॅमेऱ्याने टिपले. एरवी हाताने नकलून घ्यायला मला दोन पावसाळे लागले असते, ते काम दोन दुपारींत झाले. आनंदाने सीडी भरली, तिच्यावर सुबक कागदी लेबल चिकटवले आणि कॅमेऱ्याचे कार्ड पुसले. घरी भरायच्या सीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या पातळ थरात असते, आणि तो थर चकचकीत बाजूकडे नव्हे, लेबलाच्या बाजूकडे असतो, वर फक्त लाखेचा पापुद्रा. दमट हवेत माझे लेबल कडेने सुटू लागले आणि जाताना पापुद्रा घेऊन गेले. २०१५ मध्ये सीडी उघडली तेव्हा पहिले एकोणतीस कागद वाचता आले. दरम्यान ते घर विकले गेले होते आणि दप्तर रद्दीत गेले होते. उरलेल्या कागदांत एका तंट्याचा निवाडा होता एवढे मला आठवते. निवाडा कोणाच्या बाजूने होता ते आठवत नाही.

आता तारखेकडे येतो. प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यात एक घड्याळ असते. मुख्य सेल काढले तरी ते चालू राहावे म्हणून आत एखादा बटनासारखा छोटा सेल किंवा थोडा वेळ वीज साठवणारा घटक असतो. स्वस्त मॉडेलांत ही साठवण बेताची. सेल सांडू नयेत म्हणून माणसे ते काढून ठेवत, सणाला पुन्हा घालत, आणि दरम्यान घड्याळ मरून गेलेले असे. मग कॅमेरा तारीख विचारतो. यजमान घाईत, दारात पाहुणे, ते 'ओके' दाबून पुढे जातात. घड्याळ कारखान्याने ठरवलेल्या आरंभदिनापासून, बहुधा कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीपासून, पुन्हा चालू लागते. मी पाहिलेल्या संग्रहांत १ जानेवारीला इतकी बारशी, मुंजी आणि विसर्जने आहेत की तो दिवस पंचांगात वेगळा नोंदवायला हवा. यात महिना आधी की दिवस आधी हा गोंधळ निराळा. ०५/०१ म्हणजे ५ जानेवारी की १ मे, हे कॅमेऱ्याच्या सेटिंगवर ठरते.

हे सगळे मला तेव्हा ठाऊक होते. ५ जानेवारी किंवा १ मे, दोन्ही दिवशी वाशिष्ठीला पूर येत नाही, म्हणजे घड्याळ मेलेले, हेही मी ओळखले होते. पण वहिनी म्हणाल्या होत्या 'पाच साल', आणि चित्रावरही २००५ हेच वर्ष. दिवस खोटा असला तरी वर्ष जुळले, असे मी धरून चाललो. पुराच्या वर्षानंतर निघालेल्या एका स्थानिक स्मरणिकेत मी लिहून टाकले की २००५ साली या आळीत पाणी पावणेदोन फूट होते. एका छोट्या बैठकीत ते चित्र मोठे करून दाखवलेही. तिथे समोरच्या घरातले, पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध काका बसले होते. ते उठून म्हणाले, "पाच साली पाणी आमच्या खिडकीच्या गजाला लागलं होतं. मी माळ्यावर बसून पाहिलंय." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, आठवण वाढत जाते. फोटो वाढत नाही." लोक हसले. काका खाली बसले.

तीन महिन्यांनी एक तरुण माझ्याकडे आला. तो गॅरेज चालवतो. स्मरणिकेत छापलेले चित्र घेऊन आला होता. ओट्यावरच्या मोटारसायकलवर बोट ठेवून म्हणाला, "सर, हा नंबर बघा. एमएच ०८ ठीक, पण ही सिरीज पाच साली निघालीच नव्हती." आम्ही दोघे वहिनींकडे गेलो. मोटारसायकल विकली गेली होती, पण नोंदणी पुस्तकाची झेरॉक्स सापडली. नोंदणी फेब्रुवारी २००७ ची. दीड वर्षापूर्वीच्या पुरात ती ओट्यावर उभी राहणे शक्य नव्हते.

मग मी आधीच करायला हवे होते ते काम केले. कॅमेऱ्याची तारीख खोटी असली तरी दोन गोष्टी सहसा टिकून असतात. एक, फाइलचा क्रमांक. कॅमेरे चित्रांना ०००१ पासून ९९९९ पर्यंत क्रमाने आकडे देतात, त्यामुळे कोणते चित्र आधी, कोणते नंतर हे कळते. दोन, घड्याळ चुकीच्या दिवसापासून सुरू झाले तरी एकदा सुरू झाल्यावर बरोबर चालते, म्हणून दोन चित्रांमधले अंतर खरे असते. त्याच कार्डावर पुढे गणपती बसवल्याची चित्रे होती आणि त्यांवर तारीख होती २८/०२/२००५. दिवस आधी, महिना नंतर, हे तिथेच कळले. पाण्याचे चित्र आणि गणपती यांत चौपन्न दिवसांचे अंतर, आणि मधल्या चित्रांत तारीख कुठेही मागे गेलेली नाही, म्हणजे घड्याळ पुन्हा मेले नव्हते. प्रश्न उरला वर्षाचा. गणपतीच्या मखरामागे भिंतीवर कालनिर्णय टांगलेले होते, सप्टेंबरचे पान. वर्षाचा आकडा फुलांच्या माळेआड. पण पानावर १ तारीख सगळ्यांत खालच्या, शनिवारच्या ओळीत आली होती. २००५ ते २०११ या वर्षांत १ सप्टेंबरला शनिवार एकदाच आला, २००७ साली. त्या वर्षी गणेश चतुर्थी १५ सप्टेंबरला होती. चौपन्न दिवस मागे गेले की जुलैचा चौथा आठवडा येतो. म्हणजे माझा 'पाच सालचा पूर' हे २००७ च्या पावसाळ्यात आळीत शिरलेले पाणी होते. बाजारपेठेला तसे पाणी नवे नाही. वहिनींनी खोटे सांगितले नव्हते. त्यांच्या डोक्यात पाणी म्हटले की पाच साल होते, एवढेच.

तरी काकांचे म्हणणे सिद्ध झाले नव्हते, फक्त माझे पडले होते. त्या आळीचे खरे २००५ चे चित्र शोधायला आणखी वर्ष गेले. शेवटी आळीच्या टोकाला वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवले. तेही घ्यावे की नाही अशी शंका, कारण व्हॉट्सअ‍ॅप चित्र आकसवते, आत दडलेली तारखेची नोंद पुसते आणि नावात पोहोचल्याची तारीख घालते. माझ्याकडे आलेल्या चित्राच्या नावात म्हणूनच २०२३ साल होते. मी मूळ फाइल मागितली. त्यांच्या मुलाने २००४ मध्ये दुबईहून ऑलिम्पसचा छोटा कॅमेरा आणला होता. त्याचे कार्ड 'एक्सडी' नावाच्या वेगळ्याच जातीचे, आता ते वाचणारे यंत्र मिळायला मारामार. पण माळ्यावर जुना संगणक होता, आणि दोन्ही पुरांचे पाणी माळ्यापर्यंत गेले नव्हते.

ऑलिम्पसची एक सोय माझ्या पथ्यावर पडली. त्यांचे कॅमेरे फाइलच्या नावातच महिना आणि दिवस घालत. मूळ फाइलचे नाव होते 'पी७२६००३१', म्हणजे सातव्या महिन्याची २६ तारीख. आतल्या नोंदीत वर्ष २००५. पण घड्याळावर मी आता नुसता विश्वास ठेवणार नव्हतो. त्याच फोल्डरमध्ये पुढे गणपतीची चित्रे होती आणि त्यांची नावे 'पी९०७' ने सुरू होत होती. २००५ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. या घरातले घड्याळ बरोबर होते.

चित्र संधिप्रकाशात, पावसात, वरच्या खिडकीतून काढलेले. दाणेदार, किंचित हललेले. रस्ता नाहीच, सगळी नदी. पलीकडे वहिनींच्या घराचे छप्पर, आणि त्याच्या समोर काकांचे घर. मी चित्र मोठे केले, पुन्हा लहान केले, सकाळी पुन्हा पाहिले. पाणी खिडकीच्या चौकटीच्या वर आहे. गजांचे खालचे टोक दिसत नाही. नंतर टेप घेऊन रस्त्यापासून चौकटीपर्यंत मोजले: साडेचार फूट.

२०२१ च्या पुरानंतर काका बहुतेक वेळ डोंबिवलीला मुलीकडेच असतात. मी फोन केला, स्मरणिकेतली चूक सांगितली, सुधारणा छापून आणतो म्हणालो, आणि बैठकीतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यात आमचं तुळशीवृंदावन दिसतं का रे? ते त्याच दिवशी गेलं." मी संगणकापाशी जाऊन पाहिले. वृंदावन जिथे असायला हवे तिथे पाणीच होते, तसे त्यांना सांगितले. "मोबाइलवर पाठवू का, काका?"

"मोबाइलवर नको. मला दिसत नाही त्यात. कागदावर काढून पाठव."

बाजारपेठेतल्या स्टुडिओत आठ बाय दहाची प्रत काढली. मागे पेन्सिलीने लिहिले: चिपळूण, २६ जुलै २००५, तारीख फाइलच्या नावावरून, त्याच कॅमेऱ्यातल्या ७ सप्टेंबरच्या गणपतीवरून पडताळलेली, पाणी रस्त्यापासून साडेचार फुटांच्या वर. खाली काकांचे नाव आणि 'यांनी प्रत्यक्ष पाहिलेले' असे लिहून पाकीट पोस्टात टाकले.